पारितोषिक निबंधाला, कुलूप कागदांना

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय राजधानी परिसरातील एका शिक्षणसंस्थेने आंतरराष्ट्रीय पर्यावरण करारांवरील विद्यार्थ्यांच्या संशोधनपर निबंधांसाठी पारितोषिक जाहीर केले आणि तीन परीक्षकांपैकी एक म्हणून मला बोलावले. निवृत्त सनदी अधिकाऱ्यांना अशी निमंत्रणे येत असतात. शाल, श्रीफळ आणि अध्यक्षीय भाषण एवढ्यावर ती बहुधा आटोपतात. या वेळी मात्र चाळीसएक निबंधांचा गठ्ठा घरी येऊन पडला. बाहेर दिल्लीची हवा श्वास घेण्याच्या लायकीची नव्हती, त्यामुळे खिडक्या लावून घेऊन आठवडाभर मी तो वाचून काढला.

निबंध वाईट नव्हते. सनावळ्या बिनचूक होत्या, इंग्रजी सफाईदार होते. काहींचे इतके सफाईदार, की ते विद्यार्थ्याने लिहिले की यंत्राकडून लिहवून घेतले, असा संशय यावा. निम्म्याहून अधिक निबंधांची सुरुवात एकाच ठिकाणाहून होत होती. १४ जून १९७२ रोजी स्टॉकहोमच्या मानवी पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधी यांनी ‘गरिबी हेच सर्वांत मोठे प्रदूषण’ असे जगाला ठणकावून सांगितले, असे या मुलांनी लिहिले होते. वस्तुतः त्यांनी असे विधान केलेच नव्हते. त्यांनी एक प्रश्न विचारला होता: गरिबी आणि गरज या सर्वांत मोठ्या प्रदूषक नव्हेत काय? त्या प्रश्नाच्या आधी श्रीमंत देशांच्या दुटप्पीपणाविषयी तक्रार आहे. आणि पुढे, जंगलालगतच्या माणसाला रोजगार दिल्याशिवाय त्याला जंगलाकडे वळण्यापासून रोखता येणार नाही, हा मुद्दा आहे. पर्यावरणाची आणखी हानी आम्हाला नको, असेही त्याच भाषणात आहे. प्रश्नचिन्ह पुसून टाकले की हे सारे नाहीसे होते आणि उरते ती विकासाच्या नावाखाली काहीही करण्याची मुभा. यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याव्यतिरिक्त त्या परिषदेला गेलेल्या त्या एकमेव सरकारप्रमुख होत्या. त्यांच्या भाषणाचा खर्डा कोणी केला, कोणत्या खात्याने कोणते वाक्य सुचवले, कोणते गाळले, हे चाळीसपैकी एकाही मुलाने विचारले नव्हते.

दोष त्यांचा आहे असे म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्या तळटीपा पाहिल्या, तेव्हा माझे मत बदलले. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाचे दस्तऐवज, १९९२च्या रिओ परिषदेच्या वर्षापासून निघणारे ‘अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन’ हे कॅनडातील संस्थेचे वार्तापत्र, विदेशी विद्यापीठांतील प्राध्यापकांचे लेख आणि ब्रिटिश-अमेरिकी वृत्तपत्रे हीच सर्वांची साधने होती. भारत सरकारचा कागद म्हणावा तर प्रसिद्धिपत्रकापलीकडे काही नाही. आपल्या देशाने काय केले हे आपली मुले दुसऱ्यांच्या टिपणांतून शिकत आहेत आणि दुसऱ्यांची टिपणे दुसऱ्यांच्या दृष्टीनेच लिहिलेली असतात.

ग्लासगोचेच पाहा. नोव्हेंबर २०२१मध्ये परिषदेच्या अखेरच्या तासांत भारताने कोळसा ‘टप्प्याटप्प्याने बंद’ करण्याऐवजी ‘टप्प्याटप्प्याने कमी’ करण्याची शब्दयोजना सभागृहात वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी जगभरच्या वृत्तपत्रांनी भारताला खलनायक ठरवले. दहा-बारा निबंधांत हीच कथा होती. परंतु ‘टप्प्याटप्प्याने कमी’ हे शब्द त्याच्या तीनच दिवस आधी, १० नोव्हेंबरला, अमेरिका आणि चीन यांनी ग्लासगोतच काढलेल्या संयुक्त जाहीरनाम्यात चीनच्या कोळशासंदर्भात आलेले होते, आणि तो जाहीरनामा सर्वांसमोर आहे. मग ते शब्द भारताच्या तोंडून सभागृहात का यावे लागले? आपण ते स्वतःहून घेतले, की इतरांचे ओझे आपल्या खांद्यावर आले? संशोधनपर निबंध म्हणतात तो खरे तर या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा.

त्या गठ्ठ्यात एक निबंध वेगळा होता. पदव्युत्तर पहिल्या वर्षाच्या एका मुलीने जून १९९०च्या लंडन बैठकीवर लिहिले होते. हा प्रसंग आज विस्मरणात गेला असला, तरी धोरणात रस असणाऱ्याने तो जाणून घ्यावा असा आहे. ओझोनच्या थराला घातक वायूंवर निर्बंध घालणारा मॉन्ट्रियल करार १९८७मध्ये झाला, तेव्हा भारत आणि चीन दोघेही बाहेर राहिले. दरडोई वापर नगण्य असलेल्या देशांना दहा वर्षांची सवलत त्यात होती, पण पर्यायी तंत्रज्ञानाचा खर्च कोण देणार, याविषयी ठोस काही नव्हते. शीतकपाटाचे स्वप्न नुकते पाहू लागलेल्या दोन महाकाय देशांनी जुनेच वायू वापरायचे ठरवले असते, तर उरलेल्या जगाचा संयम वाया गेला असता. श्रीमंत देशांना हे कळत होते. लंडनमध्ये तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी यांनी तंत्रज्ञान आणि पैसा यांची हमी मिळाल्याशिवाय सही नाही, ही भूमिका लावून धरली. परिणामी बहुपक्षीय निधी स्थापन झाला. पहिल्या तीन वर्षांसाठी त्याचा आकार १६ कोटी डॉलर ठरला आणि भारत व चीन सामील झाल्यास त्यात आणखी ८ कोटींची भर पडेल, असे ठरले. विकसनशील देशांची बंधने पाळण्याची क्षमता ही अर्थसाहाय्य व तंत्रज्ञान-हस्तांतरण प्रत्यक्षात किती होते यावर अवलंबून राहील, हे कलमही तेथेच आले. भारत १९९२मध्ये करारात गेला. पुढच्या प्रत्येक हवामान परिषदेत आपण जे मागत आलो, त्याचा पहिला यशस्वी प्रयोग लंडनमध्ये झाला होता.

त्या मुलीला हे ८ कोटी कसे ठरले ते शोधायचे होते. दिल्लीत हिशेब कोणी मांडला? शीतकरण उद्योगाने काय सांगितले? अर्थ खात्याचे म्हणणे काय होते? ती जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागारात गेली, अनुक्रमणिका चाळल्या, मागणीपत्रके भरली. निबंधाच्या परिशिष्टात तिने त्या पत्रकांची यादीच दिली होती. बहुतेकांपुढे दोनच अक्षरे होती: ‘एन.टी.’. दिल्लीत संशोधन केलेल्या कोणालाही ती ओळखीची आहेत. ‘नॉट ट्रान्सफर्ड’, म्हणजे मूळ खात्याकडून हस्तांतरितच झालेली नाही. माझ्या एका सहपरीक्षकांनी शेरा मारला: ‘परिश्रम चांगले, निष्कर्ष नाही.’ तिला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले. पहिले पारितोषिक पॅरिस करार आणि भारताचे नेतृत्व या विषयावरील निबंधाला गेले. मी मतभेद नोंदवला, पण तोही फार जोराने नोंदवला नाही, हे कबूल केले पाहिजे.

कायदा काय सांगतो? सार्वजनिक अभिलेख कायदा, १९९३ आणि त्याखालील १९९७चे नियम यांनुसार स्थायी महत्त्वाच्या नस्त्या पंचवीस वर्षांनी अभिलेखागाराकडे जायला हव्यात आणि गोपनीय नसलेल्या नस्त्या अभ्यासकांना मिळायला हव्यात. हिशेब करून पाहा. स्टॉकहोमची मुदत १९९७मध्ये भरली. लंडनची २०१५मध्ये, रिओ आणि हवामान आराखडा कराराची २०१७मध्ये, क्योटोची २०२२मध्ये. त्याच २०२२च्या डिसेंबरात अभिलेखागाराच्या तत्कालीन महासंचालकांनी एका सरकारी कार्यशाळेत जाहीरपणे सांगितले, की १९६२, १९६५ आणि १९७१च्या युद्धांचे, इतकेच काय, हरितक्रांतीचेही दस्तऐवज त्यांच्याकडे आलेले नाहीत. १५१ मंत्रालये व विभागांपैकी केवळ ३६ जणांचे अभिलेख त्यांच्याकडे होते. जेथे युद्धांची ही गत, तेथे वायूंच्या तहांची काय कथा!

माहिती अधिकाराचा दरवाजा आहे, पण त्यालाही आतून कडी आहे. २००५च्या कायद्याचे कलम ८(३) सांगते, की वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती द्यावी लागेल. मात्र त्यातून तीन अपवाद वगळलेले आहेत. त्यांपैकी एकात परराष्ट्र संबंध येतात आणि दुसऱ्यात मंत्रिमंडळाचे कागद. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींची नस्ती या दोहोंपैकी एकात बसवणे कोणत्याही माहिती अधिकाऱ्याला अवघड नाही. शिवाय पर्यावरण विभागाचा जन्मच १९८०चा आणि स्वतंत्र मंत्रालय १९८५चे. त्यापूर्वीचे कागद विज्ञान-तंत्रज्ञान विभाग, परराष्ट्र मंत्रालय आणि पंतप्रधान कार्यालय यांत विखुरलेले. एका विषयासाठी तीन दारे ठोठवायची आणि तिन्हीकडून ‘दुसरीकडे विचारा’ हे उत्तर ऐकायचे.

येथे मला माझ्याच पिढीविषयी बोलले पाहिजे. नस्ती बंद करताना तिच्यावर वर्ग लिहावा लागतो. ‘ए’ म्हणजे जतन करून सूक्ष्मचित्रण करायची, ‘बी’ म्हणजे जतन करायची, ‘सी’ म्हणजे काही वर्षे, फार तर दहा, ठेवून नष्ट करायची. केंद्रात उपसचिव असताना मी शेकडो नस्त्यांवर ‘सी’ लिहिले. विदेशी परिषदांना गेलेल्या शिष्टमंडळांच्या नस्त्या तर डोळे झाकून, कारण त्यांत विमानाची तिकिटे, दैनिक भत्ता आणि खर्चाची मंजुरी असे. परतल्यावरचा अहवाल, कोण काय बोलले याची टिपणे, ऐन वेळी दिल्लीहून गेलेला संदेश हेही त्याच नस्तीत टाचलेले असे, हे तेव्हा ध्यानात येत नसे. मी इतिहासाचा विद्यार्थी होतो. दुसऱ्या कोणी हे केले असते तर मी त्याला नावे ठेवली असती. अलीकडे दरवर्षी ऑक्टोबरात केंद्राची स्वच्छतेची विशेष मोहीम असते. तीत निकाली काढलेल्या नस्त्यांची संख्या आणि रद्दी विकून आलेला महसूल अभिमानाने जाहीर होतो. कार्यालये स्वच्छ व्हायलाच हवीत. पण त्या ढिगाऱ्यापुढे एखादा इतिहासाचा जाणकार उभा असतो का, हे त्या आकड्यांवरून समजत नाही.

याउलट बाहेर काय चालते पाहा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९६९ ते १९७२ या काळातील जागतिक प्रश्नांवरील दस्तऐवजांचा एक खंड इंटरनेटवर खुला ठेवला आहे आणि स्टॉकहोमची तयारी त्यात कागदोपत्री वाचता येते. ब्रिटनने आपली तीस वर्षांची मुदत टप्प्याटप्प्याने वीसवर आणली. म्हणजे सोनीपत किंवा द्वारकेच्या वसतिगृहात बसलेल्या मुलाला निक्सन यांचे अधिकारी स्टॉकहोमविषयी काय विचार करत होते हे एका रात्रीत कळू शकते, पण तेथून तासाभराच्या अंतरावरील साउथ ब्लॉकमध्ये काय विचार चालला होता ते कळू शकत नाही. खासगी संग्रहांनी ही उणीव थोडी भरून काढली आहे. तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयात पी. एन. हक्सर यांचे कागद आहेत. जयराम रमेश यांनी २०१७मध्ये इंदिरा गांधींच्या निसर्गप्रेमावर जे पुस्तक लिहिले, ते पत्रे, टिपणे आणि शेरे यांच्या आधारेच उभे राहिले. तेवढी दारे उघडून घेण्याची ऐपत विद्यार्थ्याजवळ नसते.

मराठी वाचकाला हा अनुभव नवा वाटू नये. पुण्याचे पेशवे दफ्तर इंग्रजांनी इनामांच्या चौकशीसाठी एकत्र केले आणि जुने दावे उकरले जातील या भीतीने दीर्घकाळ अभ्यासकांपासून दूर ठेवले. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या मोजक्यांना त्यात डोकावता आले. राजवाड्यांनी मग सरकारी दाराची वाट न पाहता गावोगाव फिरून खासगी दफ्तरे गोळा केली. १८९८मध्ये साधनांचा पहिला खंड निघाला, १९१०मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. सरकारी दफ्तर खऱ्या अर्थाने उघडले ते १९२९नंतर, जेव्हा रियासतकार सरदेसायांनी १९३४पर्यंत निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. त्यानंतर पेशवाईविषयी काय बोलावे याला कागदाची शिस्त लागली. पारितोषिकांचाही आपला इतिहास आहे. पेशव्यांच्या दक्षिणेतून १८५१मध्ये पुण्यात दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली आणि मराठी ग्रंथलेखनाला बक्षिसे मिळू लागली. याच कमिटीने १८५५मध्ये जोतीराव फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ नाकारले होते. परीक्षक चुकतात, ही गोष्ट माझ्यासारख्यांनी लक्षात ठेवलेली बरी.

बंद नस्त्यांचे निमित्त करून मुलांनी हातपाय गाळावेत, असे मात्र मला सुचवायचे नाही. प्रसिद्ध कागदांतूनही मोठे काम होते, आणि त्याचा सर्वांत ठळक दाखला दिल्लीतलाच आहे. अमेरिकेतील ‘वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट’च्या १९९०-९१च्या अहवालाने सर्वाधिक हरितगृह वायू सोडणाऱ्या पाच देशांत अमेरिका आणि सोव्हिएत संघाबरोबर ब्राझील, चीन व भारत यांना बसवले. भातखाचरे आणि गुरेढोरे यांचा मिथेनही त्यात धरला होता. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१मध्ये विज्ञान आणि पर्यावरण केंद्रातर्फे एक छोटी पुस्तिका काढून त्याच आकड्यांची फेरमांडणी केली. समुद्र आणि जंगले जेवढा वायू शोषून घेतात, तो वाटा अहवालाने उत्सर्जनाच्या प्रमाणात वाटला होता. म्हणजे जो जास्त धूर सोडतो त्यालाच जास्त सूट. या दोघांनी तो लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला आणि चित्र उलटे झाले. पोटासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन हा भेदही त्यांनीच रुजवला. त्यांच्याकडे एकही गोपनीय नस्ती नव्हती. होता तो अहवालाचे परिशिष्ट शेवटपर्यंत वाचण्याचा चिवटपणा. हवामान कराराच्या वाटाघाटी त्याच वर्षी सुरू झाल्या होत्या आणि दरडोई हक्काचा युक्तिवाद भारताच्या मांडणीत मध्यवर्ती राहिला.

असे आणखी विषय उघड्यावर पडून आहेत. स्टॉकहोमने आपल्या संघराज्यात काय बदलले, हा त्यांपैकी एक. पाणी हा राज्यांचा विषय, म्हणून १९७४चा जलप्रदूषण कायदा अनुच्छेद २५२खाली, राज्यांच्या ठरावांच्या आधारे करावा लागला. महाराष्ट्राकडे स्वतःचा कायदा १९६९पासून, म्हणजे स्टॉकहोमच्या तीन वर्षे आधीपासून होता. केंद्राचा कायदा त्याने १९८१मध्ये स्वीकारला. पण १९८१चा हवा कायदा आणि भोपाळनंतरचा १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा करताना केंद्राने राज्यांना विचारले नाही. स्टॉकहोमच्या निर्णयांचा उद्देशिकेत हवाला देऊन, आंतरराष्ट्रीय करारांच्या अंमलबजावणीसाठी संसदेला अधिकार देणारा अनुच्छेद २५३ वापरला. परदेशातील एका परिषदेने राज्यांच्या हातातला अधिकार केंद्राकडे कसा नेला, यावर एकही निबंध आला नव्हता. संसदेतील चर्चा ग्रंथालयात आहेत, विधिमंडळाचे कामकाज मुंबईत आहे.

हे सारे केवळ इतिहासकारांच्या हौसेचे नाही. केंद्रातील सहसचिवाची प्रतिनियुक्ती साधारण पाच वर्षांची असते. वाटाघाटी तीस वर्षे चालतात. ‘समान परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ या १९९२च्या सूत्राला ‘भिन्न राष्ट्रीय परिस्थितींच्या संदर्भात’ असे शेपूट नोव्हेंबर २०१४च्या अमेरिका-चीन घोषणेत लागले, वर्षभरात ते पॅरिस करारात आले. ते स्वीकारताना आपण काय गमावले, बदल्यात काय मिळवले, याचा लेखी ताळा पुढच्या वाटाघाटीकाराला हवा असतो. समोरच्या टेबलावरील माणसाकडे तो असतो. आपल्याकडे बहुधा एखाद्या निवृत्त गृहस्थाची आठवण असते आणि ते गृहस्थही कायमचे नसतात. राजदूत चंद्रशेखर दासगुप्ता यांनी हवामान आराखडा कराराच्या जन्माची हकीकत २०१९च्या एका संपादित ग्रंथात लिहून ठेवली. १९९१मध्ये भारताने स्वतःचा मसुदा कसा मांडला, हे त्यातून समजते. २०२३मध्ये ते गेले. प्रकरण लिहिले नसते, तर तो तपशीलही त्यांच्याबरोबर गेला असता.

आयोजकांना मी पुढच्या वर्षासाठी एक पत्र लिहिले आहे. पारितोषिकाची रक्कम अर्धी करा आणि उरलेल्या पैशातून निवडक पाच मुलांना उन्हाळ्याचे दोन महिने अभिलेखागारात बसवा. मूळ कागद नसलेला निबंध स्पर्धेत घेऊ नका. न मिळालेल्या नस्त्यांची यादी जोडणाऱ्याला त्यासाठी गुण द्या आणि त्या साऱ्या याद्या एकत्र करून संबंधित मंत्रालयांच्या अभिलेख अधिकाऱ्यांना पाठवा. कायद्याने प्रत्येक खात्यात असा अधिकारी असतो, हे खात्यातल्या लोकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. ज्यांनी वाटाघाटी केल्या त्या वृद्ध अधिकाऱ्यांच्या मुलाखती मुलांकडून नोंदवून घ्या. उत्तर अद्याप आलेले नाही.

ती उत्तेजनार्थवाली मुलगी बक्षीस समारंभानंतर भेटली. लंडनचा नाद तिने सोडलेला नाही, पण तूर्त ती दिल्लीच्याच परिषदेकडे वळली आहे. २३ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर २००२ या काळात विज्ञान भवनात आठवी हवामान परिषद भरली होती. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी तेथे बोलले आणि हवामान बदलाला शाश्वत विकासाशी जोडणारा दिल्ली जाहीरनामा संमत झाला. त्या नस्त्यांना २०२७च्या हिवाळ्यात पंचवीस वर्षे पूर्ण होतील. मागणीपत्रक आपण आताच भरून ठेवले आहे, फक्त तारीख टाकायची बाकी आहे, असे तिने मला हसत सांगितले.